सौर ऊर्ध्वपातन पेटी: पाणी नेमकं कुठे मुरतंय?

गाळपट्टा
नमस्कार मंडळी. तापीच्या गाळपट्ट्यातल्या एका वस्तीवर बोअरचं पाणी खारं आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) २४००. पिण्यापुरतं गोड पाणी मिळावं म्हणून १ चौ.मी.ची सोलर स्टिल लावली आहे, म्हणजे उन्हाने खाऱ्या पाण्याची वाफ करून ती काचेवर गोड पाणी म्हणून जमवणारी पेटी. १२ मिमी प्लायची पेटी, आत काळा रंग दिलेला जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या) पत्र्याचा ट्रे, खाली अडीच सेंमी थर्माकोल, वर ४ मिमीची साधी काच, उतार २० अंश, तोंड दक्षिणेला. ट्रेमध्ये ५ सेंमी पाणी. काच चारही बाजूंनी सिलिकॉनने बसवली आहे. मे महिन्याचं ऊन असूनही दिवसाला १.८ लिटरच पाणी मिळतंय. वाचलेल्या माहितीप्रमाणे ३ ते ४ लिटर मिळायला हवं. काळी खडी टाकू, आरसे लावू की काचेवर पाणी सोडू? आधी काय करावं?

केळीबाग
आरसे लावा दादा. ऊन दुप्पट, पाणी दुप्पट.

मास्तर_भौतिक
आधी हिशेब मांडू. मे महिन्यात आपल्याकडे स्वच्छ दिवशी एका चौ.मी.वर साधारण ६.५ युनिट ऊन पडतं, म्हणजे २३.४ मेगाज्यूल. ६०-६५ अंशांच्या १ लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २.३५ मेगाज्यूल लागतात. काहीच वाया गेलं नाही तर १० लिटर. तुमचे १.८ म्हणजे १८ टक्के. साधी, एका काचेची, नीट बांधलेली पेटी ३० ते ४० टक्के देते. म्हणजे तुमचं ३ ते ४ चं लक्ष्य रास्त आहे, त्याहून जास्तीची आशा मात्र या रचनेत ठेवू नका.

केळीबाग, आरशाबद्दल: जळगाव-धुळ्याचा अक्षांश २१ च्या आसपास. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा उत्तरेच्या उभ्या भिंतीवरचा आरसा जवळपास काहीच देत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही ४५-४६ अंशांवरच असतो. आतल्या मागच्या भिंतीला चकचकीत ॲल्युमिनियम लावल्याचा खरा फायदा तेव्हा दिसतो. लावायला हरकत नाही, पण मेमधल्या १.८ चं उत्तर तिथे नाही.

पन्हळ
गाळपट्टा भाऊ, काहीही विकत घेण्याआधी एक दिवस वजन-मापाचा प्रयोग करा. रात्री ट्रे पूर्ण रिकामा करा. पहाटे सहाला मोजून २० लिटर पाणी भरा. १ चौ.मी.ला ते बरोबर २ सेंमी होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला दोन मापं घ्या: बाटलीत किती जमलं आणि ट्रेमध्ये किती उरलं. ट्रेमधलं पाणी नळीने काढा, शेवटचं स्पंजने टिपा, तेही मोजा.

आता तिन्ही आकडे जुळवा. बाटली आणि ट्रे मिळून २० च्या जवळ येत असतील तर पेटी घट्ट आहे, पण वाफच कमी होतेय किंवा काचेवरचे थेंब परत ट्रेमध्ये पडताहेत. मग दोष उष्णतेचा किंवा काचेचा. बेरीज २० पेक्षा बरीच कमी भरली तर वाफ झाली होती, पण ती बाहेर पळाली. मग दोष सांध्यांचा. या दोन आजारांची औषधं पूर्ण वेगळी आहेत.

ट्रेलाच भोक असेल तर तेही याच मापात दिसेल. म्हणून आदल्या रात्री पाणी भरून पेटीवर ताडपत्री टाका आणि पातळी उतरते का ते पाहून ठेवा.

काळी_खडी
पन्हळ यांच्याशी सहमत. पण ५ सेंमी पाणी हा दोष प्रयोगाशिवायही दिसतोय. १ चौ.मी.वर ५ सेंमी म्हणजे ५० लिटर. ते ३० वरून ६५ अंशांवर न्यायलाच २ युनिटच्या वर उष्णता जाते, दिवसाच्या उन्हाची जवळपास एक तृतीयांश. २ सेंमी असेल तर तेच काम ०.८ युनिटमध्ये होतं.

उन्हाळी_कांदा
थोडा विरोध. ती उष्णता वाया जात नाही ना? खोल पाणी रात्री गरम राहतं, बाहेर हवा थंड होते, काच गार पडते, आणि रात्रभर पाणी पडत राहतं. खोल ट्रेमध्ये रात्रीचं उत्पादन जास्त असतं हे मोजून सिद्ध झालेलं आहे.

मास्तर_भौतिक
रात्रीचं उत्पादन जास्त असतं हे बरोबर. तरी चोवीस तासांची बेरीज उथळ पाण्याचीच जास्त येते. कारण असं: पाण्याचा बाष्पदाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, उसळी मारतो. ४० अंशांना ७.४ किलोपास्कल, ६० ला २०, ७० ला ३१. उथळ पाणी दुपारी ६५-७० ला जातं, तेव्हा उष्णतेचा मोठा वाटा बाष्पीभवनात जातो. खोल पाणी ४५-५० वर रेंगाळतं आणि तिथे नुसत्या हवेच्या फिरण्यात व प्रारणात बरीच उष्णता काचेला जाते, पाणी न देता. शिवाय रात्रभर तळातून गळती सुरूच असते. तुमच्या तळाला अडीच सेंमीच थर्माकोल आहे, म्हणजे साठवलेल्या उष्णतेला वाट मोकळी.

पन्हळ
फक्त १ सेंमीच्या खाली जाऊ नका. ट्रे १ अंशाने कलला तर १ मीटर लांबीत १७ मिमीचा फरक पडतो, म्हणजे एक टोक कोरडं. कोरड्या भागावर क्षार भाजून चिकटतात आणि रंग उडतो. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी लावून पेटीचे चारही कोपरे सारखे करा, मग २ सेंमी ठेवा. 

निळी_छत्री
थर्माकोलचा हिशेब मीही करून पाहिला. नुसतं १२ मिमी प्लाय असेल, आत ६५ आणि बाहेर ४० अंश, तर तळातून चौ.मी.ला ११० ते १२० वॅट जातात. ५ सेंमी थर्माकोल लावलं की १५ वॅटवर येतं. आठ तासांत जवळपास ०.८ युनिटची बचत, म्हणजे तत्त्वतः सव्वा लिटर पाणी. अडीच सेंमीवरून पाचवर गेल्याने एवढा मोठा फरक पडणार नाही, पण बाजूच्या भिंतींना काहीच नसेल तर तिथे नक्की लावा. बाजू लोक कायम विसरतात.

एक सावधगिरी. थर्माकोल ८० अंशांच्या पुढे मऊ पडून आक्रसतं. पाणी असताना भीती नाही, पण ट्रे कोरडा पडून उन्हात राहिला तर तळ ९० च्या पुढे सहज जातो. म्हणून ट्रे आणि थर्माकोलच्या मध्ये दीड-दोन सेंमी ग्लासवूल ठेवा. पेटी बंद ठेवायची असेल त्या दिवशी काचेवर गोणपाट टाका.

केळीबाग
थर्माकोलऐवजी लाकडाचा भुसा किंवा सरकीची टरफलं चालतील का? फुकट मिळतात.

निळी_छत्री
कोरडी असेपर्यंत चालतात. एकदा वाफ शिरली की ओलावा धरतात, मग उष्णता रोखणं बंद आणि वाळवी सुरू. भरायचाच असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून तोंड वितळवून बंद करा, दाबून ८-१० सेंमी जाडी ठेवा.

गाळपट्टा
सर्वांचे आभार. पन्हळ भाऊंनी सांगितलं तसं मोजलं. भरले २० लिटर. बाटलीत १.९. ट्रेमध्ये उरले १६.६. हिशेबात दीड लिटर कमी. ताडपत्रीखाली रात्री पातळी उतरली नव्हती.

पन्हळ
म्हणजे पेटीने ३.४ लिटरची वाफ केलीच आहे! तुमचं ऊन, रंग, उतार सगळं काम करतंय. दीड लिटर हवेत गेलं. खडी, आरसे, काचेवरचं पाणी यातलं काहीही आत्ता नको. फटी शोधा.

शोधायची पद्धत: एक छोटा आरसा किंवा स्टीलची ताटली माठाच्या पाण्यात गार करा, पुसून कोरडी करा आणि दुपारी दोनच्या सुमाराला काचेच्या कडेने, सांध्यापासून अर्ध्या सेंमीवर हळूहळू फिरवा. जिथे धुकं धरेल तिथून वाफ येतेय. दर हातभर अंतरावर पुन्हा गार करायची. मागचे दोन कोपरे आधी बघा, वाफ वरच्या बाजूला जमते. मग पाणी भरायची नळी आणि गोड्या पाण्याची नळी. त्या दोन नळ्या उघड्या असतील तर ती चक्क धुराडी आहेत. भरायच्या नळीला बूच हवं. गोड्या पाण्याच्या नळीला बाहेर यू आकाराचा वाक द्या, त्या वाकात पाणी उभं राहतं, पाणी बाहेर येतं पण वाफ अडते. बेसिनखाली असतो तसाच.

काचवाला_धुळे
सिलिकॉन कोणतं वापरलं आहे? सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर तिथेच घोळ आहे. ते आम्ल सोडतं, जीआयच्या जस्ताला खातं, सिमेंटलाही नीट धरत नाही. पत्र्यावर न्यूट्रल सिलिकॉनच वापरायचं, नळकांड्यावर तसं लिहिलेलं असतं. जुनं पूर्ण खरवडा, स्पिरिटने पुसा, हात लावू नका, मग ५-६ मिमीची सलग रेघ ओढा. जुन्यावर नवं चिकटत नाही. एवढ्या जाडीला दोन दिवस सुकू द्या, त्याआधी पाणी भरलंत तर आतून कच्चं राहतं.

दुसरं, काच सिलिकॉनने कायमची चिकटवू नका. साफसफाईला काढावीच लागते. पेटीच्या कडेवर ईपीडीएम रबराची पट्टी चिकटवा, तिच्यावर काच ठेवा, वरून ॲल्युमिनियमची अँगल पट्टी आणि दर २०-२५ सेंमीवर स्क्रू. रबर निम्मं दबेल इतकंच आवळा. काच आणि धातू थेट टेकले की उन्हात काच तडकते.

उन्हाळी_कांदा
काच तडकण्यावरून: भर दुपारी धूळ धुवायला काचेवर गार पाणी मारू नये. मे महिन्यात वादळवाऱ्याने रोजच धूळ बसते, ती सूर्य उगवायच्या आधी धुवावी. ट्रेमध्ये पाणीही त्याच वेळी भरावं. दुपारी गार पाणी ओतलं की तासाभराचं उत्पादन गेलं.

केळीबाग
मग काचेवरून सतत पाण्याची पातळ धार सोडतात ती पद्धत? काच गार राहून थेंब जास्त धरतात असं म्हणतात.

मास्तर_भौतिक
पाणी आणि काच यांच्या तापमानातला फरक वाढला की उत्पादन वाढतं, हे खरं. पण इथे ती धार कोणत्या पाण्याची असणार? २४०० टीडीएसच्या बोअरची. गरम काचेवर ते वाळतं आणि आठवड्यात पांढरा थर धरतो, ऊन आत जायचंच कमी होतं. काच सावलीत राहणारी असती तर गोष्ट वेगळी. या गावात ही युक्ती टाळावी. त्यापेक्षा पेटी वारा लागेल अशा मोकळ्या जागी ठेवा, वारा काच फुकट गार करतो.

काळी_खडी
माझं नावच ते असल्याने खडीबद्दल सांगणं आलं. आपला काळा पाषाण, क्रशरची १०-१२ मिमी खडी, धुऊन एक थर टाकला तर दोन फायदे होतात: उष्णता शोषणारा पृष्ठभाग वाढतो आणि चुन्याचा पांढरा थर ट्रेऐवजी खडीवर बसतो. खडी बादलीत काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात, ५ लिटरला १०० ग्रॅम, रात्रभर भिजवली की पुन्हा काळी होते. ट्रे घासून रंग खरवडण्यापेक्षा हे बरं. मात्र ट्रेचा काळा रंग चांगला असेल तर नुसत्या खडीने पाणी फार वाढत नाही, हे कबूल.

आणि पुढची पेटी कराल तेव्हा जीआय ट्रे सोडा. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा काळा प्लास्टिक कागद एका अखंड तुकड्यात, कोपरे न कापता घडी घालून आत बसवा. गंज नाही, रंग नाही, गळती नाही. पहिले चार-पाच दिवस येणारं पाणी पिऊ नका, वास जाईपर्यंत ओतून द्या. काळा रंग दिलेल्या ट्रेलाही हाच नियम.

बंब
गोणपाट काळं रंगवून पाण्यात अर्धं बुडवलं तर? वात म्हणून. दिल्लीच्या आयआयटीत १९८१ मध्ये सोढा, तिवारी वगैरे मंडळींनी अनेक वातींची स्टिल मांडली होती, तिचं उत्पादन साध्या ट्रेपेक्षा चांगलं होतं.

मास्तर_भौतिक
हो, आणि कारण तेच जे वर आलं: वातीत पाणी अगदी थोडं असतं, लवकर तापतं. पण खाऱ्या आणि जड पाण्यात वातीच्या टोकाला क्षार जमतात, ती कडक होते, पाणी वर चढत नाही, कोरडा डाग पडतो. गोणपाट तर काही आठवड्यांत कुजून वास मारतं. वापरायचंच असेल तर काळं पॉलिस्टर फेल्ट घ्या, दर आठवड्याला काढून धुवा.

निळी_छत्री
क्षारांवरून आठवलं. गाळपट्टा, रोज जेवढं उडालं तेवढंच वर भरता का? तसं केलंत तर २० लिटर ट्रेमध्ये रोज ३ लिटर भरताना ७.२ ग्रॅम क्षार जमा होतात. दहा दिवसांत २४०० चा टीडीएस ६००० होतो. एवढ्याने बाष्पीभवन जाणवण्याइतकं कमी होत नाही, पण चुना झपाट्याने बसतो आणि काळा तळ पांढरा होतो. रोज सकाळी ६ लिटर भरा आणि ओसंडणाऱ्या नळीतून ३ लिटर बाहेर जाऊ द्या, मग ट्रेमधलं पाणी ४८०० च्या आसपास स्थिर राहतं. ओसंडून आलेलं पाणी शेतात सोडू नका. काळ्या जमिनीत सोडियम साचला की जमीन चोपण होते. फरशी धुवा, संडासला वापरा.

तापीची_लेक
एक वेगळा प्रश्न. हे पाणी नुसतं प्यायचं का? चव अगदी सपक लागते. आमच्या वस्तीवरच्या आजीबाई म्हणतात, "पानी गोड शे, पन चव नई."

मास्तर_भौतिक
ताई, थोडं मूळ पाणी मिसळायचं. २४०० टीडीएसचं १ लिटर आणि ऊर्ध्वपातित ७ लिटर मिसळलं की ३०० येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत इष्ट मानलं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. मिसळायचं पाणी आधी उकळा, कारण त्यातले जंतू पेटीतून गेलेले नाहीत. आणि बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट आणि फ्लोराइड एकदा तपासून घ्या. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, फ्लोराइडची १, नाइलाजाने १.५. आठपट पातळ झाल्यावर ते बहुधा मर्यादेत येतं, पण आकडा हातात असावा. कीटकनाशकांची शंका असलेल्या विहिरीला मात्र पेटी पुरेशी नाही. काही द्रव्यं वाफेबरोबर पलीकडे येतात.

केळीबाग
फवारणीलाही हे पाणी वापरता येईल का? जड पाण्यात तणनाशक नीट लागत नाही.

पन्हळ
ग्लायफोसेटला कॅल्शियम अडवतं, हे बरोबर. पण एकराला दीडशे-दोनशे लिटर लागतात आणि एक चौ.मी. ३ लिटर देतं. दोन महिने साठवावं लागेल. इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीला मात्र हे पाणी उत्तम.

बंब
मोठ्या प्रमाणावर कुठे झालंय का हे? गावासाठी?

मास्तर_भौतिक
चिलीत लास सालिनासला १८७२ मध्ये चार्ल्स विल्सन या अभियंत्याने लाकूड आणि काचेचा प्रकल्प उभारला, खाणीवरच्या खेचरांना पाणी पाजायला. साडेचार हजारांच्या आसपास चौ.मी. आणि चांगल्या उन्हात चौ.मी.ला ४.९ लिटर. जवळचं उदाहरण म्हणजे भावनगरजवळचं अवाणिया. तिथे १९७८ मध्ये सुमारे १८६६ चौ.मी.वर दिवसाला ५००० लिटरचा प्रकल्प झाला. म्हणजे चौ.मी.ला सुमारे २.७ लिटर. दीडशे वर्षांत साध्या पेटीचा आकडा फारसा हलला नाही, कारण वाफेची उष्णता काचेतून आभाळात जाते, एकदाच वापरली जाते.

ती पुन्हा वापरली की चित्र बदलतं. एमआयटी आणि शांघायच्या जिआओ टोंग विद्यापीठाने २०२० मध्ये दहा थरांची स्टिल दाखवली. एका थरावर पाणी झालं की त्याची उष्णता पुढच्या थराची वाफ करते. तासाला चौ.मी.मागे ५.७८ लिटर, कार्यक्षमता ३८५ टक्के. शंभरच्या वर कशी, असं वाटेल, पण तीच उष्णता अनेकदा मोजली जाते म्हणून. गावातल्या सुताराला हे बांधता येणार नाही, पण दिशा हीच आहे.

काळी_खडी
पाच माणसांच्या घराला पिणं-स्वयंपाक मिळून २०-२५ लिटर, म्हणजे ७-८ चौ.मी. छप्पर अडतंय असं वाटत असेल तर त्याच काचांच्या खालच्या बाहेरच्या कडेला आणखी एक पन्हळ लावा. पावसाळ्यात ६०० मिमी पडला तर प्रत्येक चौ.मी.वरून ६०० लिटरपर्यंत गोड पाणी आयतं. पेटी तीन महिने ढगांखाली बसून असते, तेवढ्यात ते उतरून घ्यावं.

गाळपट्टा
फटी सापडल्या. मागचा डावा कोपरा, पूर्वेच्या कडेचा वीतभर तुकडा आणि सगळ्यात मोठी भरायची नळी, तिला बूचच नव्हतं. न्यूट्रल सिलिकॉन, रबर पट्टी, यू वाक, सगळं केलं. पाणी २ सेंमी. आज पहाटेचं माप: बाटलीत २.९, ट्रेमध्ये १६.८. म्हणजे गळती आता ०.३. अजून एक दिसतंय: काचेच्या आतल्या बाजूला पाणी पातळ पत्र्यासारखं न वाहता मोठे टपोरे थेंब धरतात आणि मधल्या भागातून काही परत ट्रेमध्ये पडतात.

मास्तर_भौतिक
२९ टक्के, शाबास! उरलेलं काचेत आहे.

काचवाला_धुळे
काचेवर तेलकटपणा आहे, बहुधा सिलिकॉनचा हात लागला असेल. थेंब ऊनही परावर्तित करतात, म्हणजे दुहेरी नुकसान. काच उतरवा, आतली बाजू भांड्याच्या साबणाने, मग कपभर व्हिनेगरने, मग याच पेटीच्या गोड्या पाण्याने धुवा. पुसू नका, उभी करून निथळू द्या. धुतल्यावर पाण्याचा सलग पडदा राहिला तर काच स्वच्छ. जागोजागी फाटला तर पुन्हा धुवा. बसवताना हातमोजे घाला.

खालच्या पन्हळीला मीटरला १ सेंमी उतार आहे ना? आणि काचेची खालची कड पन्हळीच्या आत किमान १ सेंमी यायला हवी, नाहीतर शेवटचा थेंब कडेने मागे वळून पेटीच्या भिंतीवरून ट्रेमध्ये जातो.

गाळपट्टा
कड बरोबर भिंतीच्या रेषेत आहे, आत नाही. उद्या काच उतरवतोच आहे, तेव्हा ॲल्युमिनियमची २५ मिमी पन्हळ दीड सेंमी वर सरकवून बसवतो आणि बाजूंना ५ सेंमी थर्माकोल लावतो. आठ दिवस रोज पहाटे तिन्ही मापं इथे टाकेन.

तापीची_लेक
मापांबरोबर रोजचं ऊन-ढग पण लिहा दादा, म्हणजे बाकीच्यांना ताडून बघता येईल.